मैदानाकडे पाठ

फुटबॉलवर आमच्या जिमखान्याच्या मामांइतकं प्रेम करणारा आणि फुटबॉल त्यांच्याइतका कमी पाहिलेला माणूस जगात दुसरा नसेल. जग मी फारसं पाहिलेलं नाही, होटगी ते सोलापूर एवढंच पाहिलं आहे, त्यामुळे हे वाक्य लिहिताना जरा भीती वाटते. पण मामांच्या बाबतीत ते खोडावंसंही वाटत नाही. आमच्या कॉलेजात शिपायांना मामा म्हणतात. ग्रंथालयाचे मामा, ऑफिसचे मामा, तसे हे जिमखान्याचे मामा. चेंडू सांभाळणं, जर्सी धुऊन वाळत घालणं आणि मैदानावर चुन्याच्या फक्कीनं पांढऱ्या रेषा मारणं ही त्यांची कामं. सव्वीस वर्षं त्यांनी ती केली, आणि या सव्वीस वर्षांत पहिले तीन सामने सोडले तर आमच्या फुटबॉल संघाचा एकही सामना त्यांनी पाहिला नाही. हजर मात्र प्रत्येक सामन्याला असायचे. कोपऱ्यातल्या कडुनिंबाखाली चादरीची चौपदरी घडी टाकून, कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड आणि मैदानाकडे पाठ करून बसायचे. त्यांनी पाहिलेले ते पहिले तीनही सामने आपण हरलो होतो. त्यावरून त्यांनी ठरवलं की आपली नजर वाईट. "पण मामा, तुम्ही बघत नाही तरी आपण हरतोच की," असं मी एकदा धीर करून म्हणालो. मामा शांतपणे म्हणाले, "नुसतं हरतो बे. बघितलं असतं तर किती हरलो असतो, त्याचा इचार कर की."

मामांच्या लेखी चेंडू हा जिवंत प्राणी होता. जिमखान्यात चार चेंडू होते आणि ते चारही एकाच वेळी ठणठणीत आहेत असं कधी घडलं नाही. मागायला गेलं की मामा एकेक चेंडू उचलून कानाशी धरायचे, बाजारात कलिंगड वाजवून बघतात तसं दोन बोटांनी वाजवायचे आणि सांगायचे, "ह्यो आजारी हाय. त्यो काल लई पळालाय, आज त्याला सुट्टी." मग उरलेल्यातला एक आमच्या हातात यायचा, तोही सासरी पाठवावा तशा सूचनांसह. परत आल्यावर चेंडू मोजायचे ते तेलुगूत: ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू. घरची बोली तेलुगू, वाडवडील विणकर, आणि नोकरी लागेपर्यंत स्वतः मामाही यंत्रमागावरच होते. मागावरचा हात रेषा मारतानाही दिसायचा. टेप नाही, यंत्र नाही. दोन खिळे, सुताची एक रीळ आणि स्वतःची पावलं. खिळ्यांमध्ये सूत ताणायचं, त्यावर अंगठा मारून ते वाजवून बघायचं आणि मग मुठीतून फक्की सोडत उलटं उलटं चालत जायचं. दुसऱ्या कॉलेजांची पोरं आमच्या संघाला हसायची. आमच्या रेषांना कुणी हसलेलं मला आठवत नाही.

आम्हाला मामा नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. कप्तान जुळे सोलापूरचा, म्हणून तो "जुळं". गोलकीपरच्या अब्बांचं सात रस्त्याजवळ पंक्चरचं दुकान, म्हणून तो "सात रस्ता". (चेंडू त्याच्याजवळून खरोखरच सातही दिशांना जायचा, पण तो मनानं फार चांगला.) आणि मी "होटगी". फुटबॉलमध्ये मी आलो तो आवडीनं नव्हे. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. वडील रेल्वेत रुळांच्या कामावर आहेत. कॉलेजात गेल्यावर काय करायचं असतं ते सांगणारं कुणी नव्हतं, त्यामुळे पहिल्या आठवड्यात जिथे रांग दिसेल तिथे मी उभा राहायचो. क्रिकेटच्या यादीत नाव लिहायला जागा उरली नव्हती. फुटबॉलच्या यादीत नऊ नावं होती, त्यांतलं एक कुणीतरी चेष्टेनं प्राचार्यांचं लिहिलेलं. मी दहावा. मागच्या वर्षीची जुनी पोरं संघात होतीच, म्हणून मी राखीव खेळाडू झालो. माझ्यापर्यंत जर्सी पुरली नाही, म्हणून मामांनी मला व्हॉलीबॉलची एक जुनी जर्सी शोधून दिली. तिच्या बाह्या मला कोपरांपर्यंत यायच्या. "धुतल्यावर आटंल," मामा म्हणाले. ती आटली नाही.

त्या वर्षी दोन गोष्टी एकदम आल्या. मोसम संपला की मामा निवृत्त होणार होते. आणि मोसमाच्या सुरुवातीलाच प्राचार्यांनी जिमखान्याच्या सरांना बोलावून सांगितलं होतं, "चार सामन्यांतला एक तरी जिंका. नाहीतर फुटबॉल बंद आणि मैदानाच्या त्या भागात दुचाक्यांचं पार्किंग." सरांनी हे आम्हाला सांगितलं तेव्हा मामा गोलची जाळी शिवत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "गाड्या हितं लावणार? ह्या रेघांवर?" त्या दिवशी चेंडू कुणालाच दिला नाही. चारही आजारी निघाले.

पहिल्या सामन्याला राखीव म्हणून मी मैदानाबाहेर बसलो होतो. मामांनी पाठमोरं बसूनच हाक मारली, "ए होटगी, हिकडं ये. काय चाललंय त्ये सांग." मी जाऊन त्यांच्याशेजारी उभा राहिलो. वर्गात हजेरीला "येस सर" म्हणतानाही माझा आवाज निघत नसे. मी म्हणालो, "बॉल... तिकडं गेला."

"तिकडं म्हंजे कुटं? माझ्या पाठीला डोळं हाईत का?"

"आपल्या गोलकडं."

"मग नीट सांग की बे. कोण पळतंय, कोण पडलंय, कोण नुसतंच उबं ऱ्हायलंय?"

असं माझं धावतं समालोचन सुरू झालं. मी सांगायचो, मामा डोळे मिटून ऐकायचे, आणि उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरत असायचा. मला वाटायचं, ते जप करतात. त्या सामन्यात आमच्यावर पाच गोल झाले. पहिला मी सांगितला. दुसराही सांगितला. तिसरा झाला तेव्हा मामांच्या खाली झुकलेल्या मानेकडे बघून माझ्या तोंडून निघालं, "वाचलो मामा! सात रस्त्यानं झेप घेऊन अडवला!" पुढचे दोनही मी असेच अडवले. शेवटी म्हणालो, "दोननं हरलो." मामा म्हणाले, "दोनच? मग बरं हाय की." हरलेल्या सामन्याचा निकाल फळ्यावर लावायची आमच्याकडे रीत नव्हती, त्यामुळे खोटं पचलं असं मला वाटलं. दुसऱ्या सामन्यात तीन झाले, मी एक सांगितला. घरी जाताना फार वाईट वाटलं. वडिलांशी मी कधी खोटं बोललो नव्हतो. म्हणून तिसऱ्या सामन्याला ठरवून खरं सांगितलं, आणि नेमका त्या दिवशी एकच गोल झाला. मामांनी माझ्याकडे मान वळवून पाहिलं. "येवडंच?" ते म्हणाले. खरं बोललो त्या एकाच दिवशी माझ्यावर संशय घेतला गेला.

बोलणं मात्र सुधारत गेलं. "जुळं उजवीकडनं निघालाय, एकाला हुकवलं, दुसऱ्याला हुकवलं, तिसरा त्याच्या अंगावरच पडला," असं मी मोठ्यानं सांगू लागलो. तिसऱ्या सामन्यापर्यंत भिंतीवर बसलेली चार-सहा पोरंही खाली उतरून माझं ऐकायला आली. त्यांतला एक म्हणाला, "मैदानात बघण्यापेक्षा हे बरं वाटतंय राव." वर्गातही मी त्या आठवड्यात पहिल्यांदा हात वर करून शंका विचारली. सरांनी आधी माझं नाव विचारलं आणि मग शंका.

चौथा, शेवटचा सामनाही आमच्याच मैदानावर होता. मामांनी पहाटे येऊन रेषा मारल्या. त्या दिवशी त्या जरा जाडच होत्या; शेवटची फक्की उरवून करायचं काय, असं त्यांना वाटलं असावं. चेंडूही सगळे तंदुरुस्त होते. सात रस्ता जाळीपाशी जाताना ओरडला, "मामू, आज एक बी नै जाने का!" आणि खरंच, मध्यंतरापर्यंत एकही गेला नाही. त्यानंतर थोड्याच वेळात कॉर्नरवरून आलेला चेंडू जुळ्याच्या डोक्याला लागला. लागला म्हणजे त्यानं मारला की तो त्याच्यावर आदळला, ते त्यालाही सांगता आलं नाही. पण तो आत गेला.

"गोल, मामा! आपला गोल!"

"खोटं बोलू नगं."

"आईशप्पथ!"

तेवढ्यात आमची पोरं ओरडली. मामांचा अंगठा डाव्या हाताच्या पहिल्या पेरावर जाऊन थांबला. इतके दिवस तो उजव्या हातावर फिरायचा. हात का बदलला ते मला कळलं नाही, आणि विचारायला वेळही नव्हता.

दहा मिनिटं उरली असताना आमच्या उजव्या बॅकच्या पोटरीत गोळा आला आणि त्याला उचलून बाहेर आणलं. सर ओरडले, "होटगी!" माझं खरं नाव सरही विसरले होते. मी जागचा हललो नाही. म्हणालो, "मामा, मला बोलावतायत."

"मग जा की बे."

"पण तुम्हाला सांगणार कोण?"

"जा," मामा भिंतीकडे बघतच म्हणाले, "माझं मी बघतो."

हे आपण सहज म्हणतो तसंच ते म्हणाले असं मला वाटलं. मी बाह्या वर सरकवत आत गेलो. सरांनी एकच काम सांगितलं होतं: त्यांच्या सात नंबरच्या पोराला सोडायचं नाही, तो जाईल तिथे जायचं. पाच मिनिटं मी त्याच्या सावलीसारखा फिरलो. मग चेंडू पलीकडच्या टोकाला गेला असताना माझी नजर सवयीनं कडुनिंबाकडे गेली. मामा उभे होते. चादर खांद्यावर, उन्हासाठी एक हात कपाळावर, आणि तोंड मैदानाकडे. माझ्याकडे. मैदानातून मी त्यांचा चेहरा पहिल्यांदाच पाहत होतो. किती वेळ बघत राहिलो कोण जाणे. शेजारून वाऱ्यासारखं काहीतरी गेलं, तो सात नंबर होता. मी वळेपर्यंत चेंडू जाळीत होता आणि सात रस्ता जमिनीवर बसून आभाळाकडे बघत होता. सामना एक-एक असा बरोबरीत सुटला.

मी गेलो तेव्हा मामा चादरीवर बसले होते, पुन्हा भिंतीकडे तोंड करून. "सव्वीस वर्सं सांबाळलं," ते पुटपुटत होते, "आन् शेवटच्या टायमाला बघितलं." खरं काय ते मला माहीत होतं. पण माझा तो हजेरीचा जुना आवाज परत आला, आणि मी चेंडू गोळा करायला निघून गेलो.

प्राचार्यांनी सरांना विचारलं, "जिंकलात का?" सर म्हणाले, "हरलो नाही सर." "मी हरू नका म्हणालो नव्हतो," प्राचार्य म्हणाले, आणि मामांना आदेश गेला की सोमवारपर्यंत दुचाक्यांसाठी फक्कीनं रांगा आखून ठेवा. रविवारी मामा दिवसभर एकटेच मैदानावर होते. सोमवारी प्राचार्य बघायला आले, तर गोलपुढचा मोठा चौकोन, आतला छोटा चौकोन, मधलं वर्तुळ, कोपऱ्यांतल्या चंद्रकोरी, सगळं जिथल्या तिथे आणि सुतासारखं सरळ. आम्ही जिमखान्याच्या दाराआडून ऐकत होतो.

"हे काय आहे?"

"रांगा सुरू केल्या हुत्या सर," मामा म्हणाले. "चार येळा केल्या, चार येळा पुसल्या. पावलं तितंच वळत्यात. हाताला दुसरं मापच येईना झालंय."

प्राचार्यांनी वर्तुळावरची नजर न काढता मामांचा निवृत्तीचा दिवस कधी ते विचारलं आणि म्हणाले, "फुटबॉल अजून एक वर्ष राहू दे. पण पुढच्या वर्षी जिंकायला सांगा त्यांना."

मामांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी मी जिमखान्यात गेलो. मामा रीळ गुंडाळत होते. मी एका दमात म्हणालो, "मामा, तो गोल तुमच्यामुळे नाही झाला. मी तुमच्याकडे बघत बसलो, म्हणून झाला."

"ठावं हाय की," मामा म्हणाले. "मी बघत हुतो न्हवं का."

मग त्यांनी उजवा हात पुढे केला आणि अंगठा पेरांवरून सावकाश फिरवला. "ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू, ऐदू. पयल्या मॅचला पाच येळा ती समोरची पोरं वरडली. तू दोनच सांगितलंस. कान तरी हाईत की मला." मग डाव्या हाताचं पहिलं पेर दाखवून म्हणाले, "ह्यो हात आपल्या गोलांचा, येकच. त्यो बी खरा निगाला." एवढं बोलून त्यांनी ती रीळ आणि दोन खिळे माझ्या हातात दिले आणि खिळा कसा ठोकायचा ते दोनदा सांगितलं.

आता रेषा मी मारतो. मामांसारख्या येत नाहीत. मधलं वर्तुळ तर बटाट्यासारखं येतं. यंदाच्या पहिल्या सामन्यालाही मी राखीवच होतो. कडुनिंबाखालची जागा मोकळी होती. मी तिथे जाऊन मामांना फोन लावला आणि काही न विचारता सुरुवात केली, "जुळं उजवीकडनं निघालाय, मामा..." पलीकडून श्वास तेवढा ऐकू येत होता. मध्येच मला राहवलं नाही. विचारलं, "मामा, घरी कसे बसलाय?"

"कसं म्हंजे? चादर टाकून बसलोय की," मामा म्हणाले. "कॉलेज कुणीकडं येतं त्ये नातवाला इचारून घेतलं, आन् तिकडं पाठ केली. तू सांग. आन् होटगी, खरं सांग."

समोरची पोरं तेवढ्यात एकदा ओरडली होती. मी फोन कानाशी घट्ट धरला आणि म्हणालो, "एक झाला, मामा. त्यांचा." आणि पुढचं सांगू लागलो.