मामांची डावी गोगलगाय

नाशकात गोगलगाईला अहो-जाहो करणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या नशिबी आला. बायकोचे हे मामा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात जन्मभर बॉयलरशेजारी तापले आणि निवृत्तीनंतर पावसाळाभर मखमलाबादच्या आमच्या मेथीच्या वावरात येऊन बसू लागले. बांधावर मांडी ठोकायची, खिशातून भिंग काढायचं आणि "या, बाहेर या" म्हणत एखाद्या शंखासमोर अर्धा तास थांबायचं. डब्याला मुंग्या लागायच्या, मामा हलायचे नाहीत. एकदा तर त्यांनी भाजीचा भरलेला टेम्पो अडवला. "आधी त्यांना जाऊ द्या," म्हणे!

त्यांच्या मते गोगलगाई दोन. आफ्रिकेतून आलेली ती शत्रू, तिला खुशाल मारा. दुसरी आपल्या डोंगरातली, नामशेष व्हायला आलेली. ओळख काय, तर शंखाचं टोक वर धरलं की शंखाचं तोंड डावीकडे. आता बोला! माझ्या हातून शंख उलटा धरला जायचा आणि डावं उजवीकडे जायचं. बरं, मग धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत तरी असेल ना? तर नाही! "तिच्या नावापुढे नुसता 'माहिती अपुरी' असा शेरा आहे," मामा म्हणाले. म्हणजे इतकी कमी उरली, की कमी उरली हेसुद्धा कोणाला माहीत नाही. माझं डोकंच गरगरलं.

बांधावर त्यांना तशी एकच सापडली होती. ती जिवंत बघायला पुण्याच्या एक अभ्यासक बाई सोमवारी येणार होत्या. रविवारी सकाळी मी नेहमीसारखं गूळपाण्यात भिजवलेलं गोणपाट उचललं. त्याखाली जमलेल्या गोगलगाई मिठाच्या पाण्यात टाकायच्या, ही आमच्याकडची रीत. देवाशपथ सांगतो, एकेक बघून टाकत होतो. तेवढ्यात मामा आले, बादलीत डोकावले आणि त्यांनी कोपरापर्यंत हात घातला. वर आली ती डावी. पिण्याच्या पाण्यानं धुऊन त्यांनी तिला पानावर ठेवलं. "या हो, बाहेर या," म्हणत राहिले. तासाभरानं शेजारी बसलेली बायको रडायला लागली.

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. "चूक माझी, जावईबापू. शंख कसा धरायचा ते तुम्हाला नीट शिकवलंच नाही," एवढंच म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग बाईंचा फोन आला, आहे ना जिवंत म्हणून. मामांनी माझ्याकडे पाहिलं. "शोधतोय आम्ही," ते म्हणाले.

त्याला तीन पावसाळे झाले. बाई अजून फोन करतात, आणि मामा अजून तेच सांगतात.