दुसऱ्या ग्रहावरचा शर्ट

टेलरकाकूंच्या घरात एक खटला वर्षानुवर्षं चालू होता. आरोपी त्यांचा नवरा, फिर्यादी त्या स्वतः आणि न्यायाधीशही त्याच. त्यामुळे निकाल काय लागणार याबद्दल आरोपीसकट कुणालाच शंका नव्हती. तरी आरोपीने आपला जबाब कधी बदलला नाही. जबाबही काही लांबलचक नव्हता. "मी हात केला होता," एवढाच.

प्रकरण तसं साधं होतं. काका पाण्याचा टँकर चालवायचे. लेक रांगत होती त्या वर्षी दूरच्या वाळवंटात सिनेमावाले आले. सिनेमा दुसऱ्या ग्रहावरचा. त्या ग्रहावर पाण्याचा थेंब नाही, आणि पाण्याचा थेंब नसलेला ग्रह उभा करायला रोज टँकर भरभरून पाणी लागायचं. काकांना काम मिळालं. काकूंना ते मुळीच पसंत नव्हतं.

"घरात तान्हं पोर, आणि तुम्ही चाललात चंद्रावर!"

"चंद्र नाही, दुसरा कुठलातरी ग्रह आहे," काका म्हणाले. ही चूक दुरुस्त करायची वेळ नव्हे, हे त्यांना कळायला हवं होतं. काका निघाले तेव्हा काकूंनी त्यांच्याकडे पाठ करून जोरजोरात मशीन चालवलं. सुईत दोरासुद्धा नव्हता.

मग राग उतरला. वाळवंटात रात्री हाडं गोठतात असं कुणीतरी सांगितलं, तसं काकूंनी जाड अस्तराचं एक जाकीट शिवलं, लेकीला शेजारणीकडे ठेवलं आणि बस धरून त्या थेट शूटिंगच्या फाटकापाशी जाऊन उभ्या राहिल्या. फाटकावरच्या पहारेकऱ्याने तोंडावर बोट ठेवलं. आत कॅमेरा चालू होता. कुणाला सोडायचं नाही, कुणी हाक मारायची नाही. लांबवर टँकर दिसत होता, म्हणजे उन्हाच्या भगभगाटात एक काळा ठोकळा दिसत होता. काकू वाट बघत राहिल्या. कुणी आलं नाही. परतीच्या बसची वेळ झाली तेव्हा त्यांनी पुडकं पहारेकऱ्याच्या हातात ठेवलं आणि मागे वळून न बघता निघून आल्या.

काम संपवून काका घरी आले ते जाकीट अंगात घालूनच.

"तू आली होतीस ना त्या दिवशी," ते दारातच म्हणाले, "मी हात केला होता."

"मला नाही दिसला."

"जागचं हलू नका म्हणून सांगितलं होतं. तरी केला."

"बरं."

संसारात 'नाही' परवडतं. 'बरं' फार महागात जातं.

त्या रात्री जेवताना काकांनी वाट्या मांडून जागा समजावली होती. "हा पेला म्हणजे माझा टँकर. त्याच्याकडे तोंड करून बघितलं, की डाव्या हाताला ही वाटी, म्हणजे फाटक. उजव्या हाताला ही मोठी वाटी, म्हणजे हिरॉईनचा तंबू. मी इथे उभा, आणि हात केला तो इकडे, फाटकाकडे." काकूंनी दोन्ही वाट्या उचलून घासायला टाकल्या.

पुढे सिनेमा लागला. सगळं घर बघायला गेलं. आणि खरोखरच, दुसऱ्या ग्रहावरच्या बाजारात, शिंगं असलेल्या दोन प्राण्यांच्या मधे, काकूंनीच शिवलेला चौकडीचा शर्ट घालून काका उभे! नजरचुकीने राहून गेले असणार. खांद्यावर पाइपचं वेटोळं. बघता बघता त्यांनी हात वर केला, हलवला, आणि दृश्य संपलं. पण हात केला होता तो उजवीकडे. मोठ्या वाटीकडे.

"वहिनी," काकूंची नणंद अंधारात म्हणाली, "दादानं हात केला हे खरं गं. पण कुणाला, ते बघ!"

आजूबाजूचे लोकही हसले. काका एवढंच पुटपुटले, "असं कसं दिसतंय?"

तेव्हापासून काकांनी फळीवरचा डबा काढायला हात वर केला तरी काकू विचारायच्या, "कुणाला करताय?" घरात हशा व्हायचा. काकाही हसायचे. पण शिवताना टोचलेली एखादी टाचणी काढायची राहून जाते, कपडा छान दिसतो, आणि घालणाऱ्यालाच ती कुठेतरी लागत असते, तसं होतं ते.

टँकर सुटल्यावर काका दुकानातच बसू लागले. दुकान म्हणजे घराची पुढची खोली. खिडकीशी मशीन, भिंतीला लागून कापायचं टेबल, आणि कोपऱ्यात काकांचं स्टूल. काजबटण त्यांच्याकडे आणि उसवायचं कामही त्यांच्याकडे. "अहो, एवढं उसवा जरा," म्हटलं की ते चष्मा नाकावर ओढून एकेक टाका असा सोडवायचे, की कापडाला कळूही नये. काकूंच्या चुका त्या घरात कुणी पाहिल्याच नव्हत्या; त्या आधीच उसवल्या जायच्या.

काका आजारी पडले ते छातीने. हॉस्पिटलातल्या खाटेवर, नाकातोंडावर मास्क, बोलणं बंद. एके दुपारी काकू डबा घेऊन खोलीत शिरल्या तेव्हा काकांनी चादरीतून हात काढला आणि थोडासा वर केला. काकू सवयीने बोलून गेल्या, "कुणाला करताय?"

काका हसले की नाही, ते मास्कमुळे कळलं नाही. त्यानंतर त्यांनी डोळे उघडले नाहीत.

लेक आता औषधांच्या दुकानात कामाला होती. तिने त्या सिनेमातलं ते दृश्य थांबवून फोनवर त्याचं चित्र घेतलं आणि दुकानातल्या प्रिंटरवर साध्या कागदावर छापून आणलं. फोटो काढून घेणं काका आयुष्यभर चुकवत आले होते. हात वर केलेले काका एवढेच. काकूंनी तो कागद मशीनसमोरच्या भिंतीला टाचण्यांनी लावला. लावला खरा, पण त्याच्याकडे बघणं टाळलं.

आणि मग एका सकाळी काकूंनी दोन्ही बाह्या डाव्या कापल्या.

शिवणकाम शिकणाऱ्या पोरींचा पहिल्या आठवड्यातला हा गोंधळ. एक बाही कापली की कागदी नमुना उलटा करून दुसरी कापायची असते. उलटायचा विसरला की दोन्ही एकाच हाताच्या. या चुकीवरून काकूंनी किती मुलींना फैलावर घेतलं होतं! त्यांनी दोन्ही बाह्या टेबलावर ठेवल्या, सुलट्या केल्या, उलट्या केल्या. "अहो," म्हणून हाकही मारली. स्टूल रिकामं होतं. कापलेलं तसंही उसवता येत नाही.

तशाच त्या बाह्या हातात घेऊन त्यांनी भिंतीकडे बघितलं, आणि बघतच राहिल्या.

तो शर्ट त्यांच्या पक्का लक्षात होता. चौकडीचं कापड खिशापुरतं कमी पडलं होतं, म्हणून खिसा साध्या निळ्या कापडाचा लावला होता. काका म्हणाले होते, "छान दिसतोय. हरवलो तर ओळखू येईन." खिसा डाव्या छातीवर. माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असेल, तर तो आपल्या उजव्या हाताला यायला हवा. चित्रात तो डाव्या हाताला होता.

काकूंनी कुणाच्याही शर्टाला उजवीकडे खिसा लावला नव्हता. रागात असतानासुद्धा नाही.

त्यांनी लेकीला फोन लावला. "चित्र उलटं आहे."

"भिंतीवरचं? मग सरळ कर ना, आई."

"अगं, डावं-उजवं उलटं! सिनेमावाल्यांनीच ते उलटवलंय. तुझ्या बाबांचा खिसा बघ."

लेकीने दुकानातून फोनवरच चित्र उघडून पाहिलं. मग ती म्हणाली, "म्हणजे बाबांनी हात डावीकडे केला होता. फाटकाकडे. आई, बाबा सुटले की गं!"

"सुटले कसे? फाटक डावीकडे होतं हे कोण म्हणालं? तेच ना? वाट्या त्यांनीच मांडल्या होत्या."

"पण तू स्वतः उभी होतीस तिथे!"

"मला उन्हात काही दिसत नव्हतं. डावं कुठलं, उजवं कुठलं..." काकू थांबल्या. "मी त्यांना शेवटी काय म्हणाले, माहीत आहे ना तुला?"

लेकीला माहीत होतं. तीही त्या खोलीत होती.

"मी सुट्टी टाकते," ती म्हणाली.

त्या सिनेमाच्या जागा दाखवायला आता सहली निघतात, हे काकूंना ठाऊक नव्हतं. बसमधले बाकीचे सगळे सिनेमाचे भक्त. कुणी सिनेमातल्यासारखा पायघोळ झगा घातलेला, एका पोक्त गृहस्थांच्या टोपीला शिंगं. ती त्यांनी सीटवर टेकताना काढून मांडीवर ठेवली. काकूंची नजर झग्यांच्या शिलाईवर. "काखेत तिरका जोड नाही," त्या लेकीच्या कानात म्हणाल्या, "हात वर केला की फाटणार." त्या दिवशी त्या एवढंच विनोदी बोलल्या.

गाइडने पहिल्यांदा यान उतरलं ती जागा दाखवली. मग म्हातारा राजा मेला ती. वाळूत अर्धवट गाडलेले प्लॅस्टरचे घुमट, त्यांच्यातून बाहेर आलेली तारेची जाळी. राजाच्या जागी सगळे गप्प उभे राहिले. शिंगवाल्या गृहस्थांनी डोळे पुसले. काकूंना आधी हसू येणार होतं. ते आलं नाही. कधीच नव्हता त्या माणसासाठी लोक एवढ्या लांब येतात. आपण तर असलेल्या माणसासाठी आलोय, आणि तेही इतक्या उशिरा.

लेकीने गाइडला कागद दाखवला. त्याने तो लांब धरला, जवळ धरला. "बाजाराचा देखावा होता तो भाग. तिथे आम्ही कुणाला नेत नाही, आता काही उरलेलं नाही. आणि ही मागची डोंगराची रांग बघा, हिला डावीकडे खाच आहे. तशी रांग इथे नाही."

"उजवीकडे खाच असलेली आहे?" काकूंनी विचारलं.

"ती आहे."

काकूंनी त्याच्या हातातून कागद घेतला, कापडाची उलट बाजू बघावी तसा पालथा केला आणि सूर्याकडे धरला. पातळ कागदातून चित्र पलीकडून उमटलं. खाच उजवीकडे गेली. निळा खिसा डाव्या छातीवर आला. काका आपल्या बाजूला आले.

"चला," गाइड म्हणाला. मग शिंगवाले गृहस्थ आणि झगेवालेही आपापल्या वस्तू सावरत मागून निघाले. कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी नकोही म्हटलं नाही.

टँकरसाठी बांधलेला सिमेंटचा चौथरा वाळूतून थोडासा वर उरला होता. त्याच्या मागे ती डोंगररांग, खाच उजवीकडे. चौथऱ्याकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला सपाट वाळू. तंबू होता तो तिथेच असणार. आणि डाव्या हाताला, लांब, रस्त्याच्या कडेला दोन लोखंडी खांब.

"ते फाटक होतं," गाइड म्हणाला. "दार कुणीतरी केव्हाच उचलून नेलं."

लेकीने आईचा दंड धरला. वाट्या बरोबर मांडल्या होत्या.

"तू जा तिथे," काकू म्हणाल्या. "खांबाशी उभी राहा. मी इथे थांबते."

लेक गेली. काकू चौथऱ्यावर चढल्या. दुपार कलली होती. ऊन त्यांच्या पाठीशी होतं आणि खांबांपर्यंतची वाळू स्वच्छ उजेडात पसरली होती. लेक पोचली, वळली. इथून तिची ओढणी दिसत होती, एका हातातून दुसऱ्या हातात घेतलेली पर्स दिसत होती. कुर्त्याच्या एका बाजूचा कट वाऱ्याने उडत होता तोही.

काकूंनी हात वर केला.

लेकीने कपाळावर आडवा तळहात धरला आणि उन्हाकडे डोळे बारीक करून बघत राहिली. काकूंनी हात हलवला, अगदी खांद्यातून. लेक एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. हाक मारावी तर वारा उलटा. थोडी वाट बघून तिने मान हलवली आणि ती वळली. रस्ता आधी लांबून वळसा घेतो. त्यामुळे ती पाठमोरी चालत दूर दूर जाताना दिसू लागली.

काकूंचा हात वरच होता.

म्हणजे काकांना सगळं दिसलं होतं. आपण किती वेळ उभ्या होतो. पुडकं या हातातून त्या हातात कितीदा घेतलं. पहारेकऱ्याला दिलं ते कसं दिलं, आणि मग पाठ कशी केली. हे सगळं त्यांनी इथून, हात वर करून, पाहिलं होतं. आणि घरी येऊन त्यातलं एवढंच सांगितलं, की मी हात केला होता.

शिंगवाले गृहस्थ टोपी काढून थोडे बाजूला उभे होते. झगेवाल्यांपैकी कुणीही फोटो काढत नव्हतं.

लेक वळसा घालून परत आली ती घामाघूम होऊन. "आई, सूर्य नेमका डोळ्यांवर येतो गं तिथून. मला हा चौथरासुद्धा धड दिसत नव्हता. तू हात केलास का?"

काकूंनी हात खाली घेतला. खांदा भरून आला होता.

"केला होता," त्या म्हणाल्या.