अडोटेचं वय

तुम्ही कधी एखाद्या आईला तिच्याच लेकाच्या वयावरून खोटं पाडलंय का? मी पाडलंय. कोर्टाच्या कारकुनासमोर, उजवा हात वर करून.

आमच्या बुकोमच्या समुद्रकाठच्या गल्ल्यांत कुणाचाही कागद अडला की लोक माझ्याकडे येतात. शाळा माझी चौथीपर्यंतच, पण मासळीवाल्या बायकांचे ओटे पाडायला आलेल्या साहेबांना मी त्यांचाच कायदा वाचून दाखवून परत पाठवलंय. त्यामुळे लोक मला मानाने 'अता' म्हणतात, माझ्या सहीला वजन. या सहीनेच अडोटेचं वाटोळं केलं.

कोर्कोर केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे, विकते; अडोटे तिचा मुलगा. त्याचा बाप माझा चुलतभाऊ, मासेमारीला दुसऱ्या बंदरावर गेला तो तिकडेच रमला. आमच्यात आठव्या दिवशी पहाटे बाळाला पहिल्यांदा घराबाहेर आणतात. उघड्या अंगाने जमिनीवर ठेवतात, छपरावर पाणी उडवतात, आणि थेंब अंगावर पडले की बापाकडचा कुणी वडीलधारा त्याला उचलतो. उचलणाऱ्याचा स्वभाव मूल घेतं म्हणे. अडोटेला मी उचललं.

"झालं! आता हा जन्मभर भांडत फिरणार," त्याची आजी म्हणाली, आणि सगळे हसले.

मी एक बोट पाण्यात बुडवलं, एक दारूत, त्याच्या जिभेला लावलं आणि म्हणालो, "पाण्याला पाणी म्हण, दारूला दारू." त्याच आठवड्यात किनाऱ्यावरच्या मासळी भाजायच्या झोपड्या जळाल्या होत्या. ते वर्ष मी विसरणं शक्यच नव्हतं.

पोराने माझा राग काही घेतला नाही. भांडण दिसलं की हा वाट बदलायचा. सोळाव्या वर्षी सहा फूट चार इंच झाला. जाळं ओढताना त्याच्या दोरावर दुसरा माणूस लागत नसे. बायका ओरडायच्या, "अडोटे, सावली बाजूला घे रे, मासे वाळायचेत!" तो खरंच बाजूला व्हायचा.

आमच्या गल्लीने मुष्टियुद्धात हलक्या वजनाचे चॅम्पियन पुष्कळ दिले, हेवीवेट एक नाही. हे शल्य कोच लान्तेला चाळीस वर्षं होतं. पहाटे किनाऱ्यावर फिरताना तो वाळूतली पावलं वितीने मोजायचा. एके दिवशी एक पाऊल दीड वीत भरलं. तो माग काढत अडोटेच्या होडीपाशी आला, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दारात.

"अता, परदेशातली माणसं आलीत. तरणा हेवीवेट शोधतायत. अठराच्या आतल्याला रिंगणात घेत नाहीत. अडोटेचं वय एकोणीस लिहून द्या."

आमच्याकडे वय चोरतात ते खाली. फुटबॉलवाली पोरं पंचविसाची सतरा होतात. वर चढवलेलं वय मी कधी पाहिलं नव्हतं.

मी अडोटेला घेऊन कोर्टात गेलो, तेव्हा कोर्कोर पिठाचे हात तसेच घेऊन कारकुनाच्या टेबलापर्यंत धावत आली. "सोळा! पोटात मी वागवलाय की तुम्ही?"

"त्या आगीच्या धांदलीत तू वर्षं चुकलीस," मी म्हणालो.

"मी चुकले? अता, तुम्हीच उचललंत ना त्याला?"

चारचौघांत बाई मला उलट बोलते, याचाच मला राग आला. "कायदा मला शिकवू नकोस. घरी जा, तुझं केंके करपेल."

लोक हसले. कारकूनही. मी हात वर केला, शपथ घेतली, सही ठोकली. अडोटे भिंतीशी मान खाली घालून उभा होता. जिभेला पाणी लावणारा माणूस खोटं बोलतोय हे त्यालाही कळत होतं, पण वडीलधाऱ्याला खोटं कोण म्हणणार?

मला काय हवं होतं, विचाराल तर सांगतो. बुकोमचा पहिला हेवीवेट मी उचलला, एवढं म्हणायचं होतं.

पहिली लढत त्याने दुसऱ्या फेरीत जिंकली. मिरवणुकीत मी त्याच्या गाडीपुढे नाचलो. दुसऱ्या लढतीत समोर गोदीतला एकतीस वर्षांचा गडी होता. चौथ्या फेरीत अडोटेच्या डाव्या डोळ्याचा पडदा सुटला, तो डोळा गेला. परदेशातली माणसं त्याच आठवड्यात दुसरीकडे शोधायला गेली.

आता अडोटे खरोखर एकोणीस वर्षांचा आहे. होडीच्या सावलीत जाळी विणतो, वीण उजव्या डोळ्याजवळ धरून. मी तिथून जाताना तो अजूनही उठून उभा राहतो. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. कोर्कोर मला केंके देते, बोलत नाही.

गेल्या महिन्यात लान्ते पुन्हा आला, मी होडीपाशीच होतो. दुसरं एक उंच पोरगं, तसाच कागद. माझा हात सवयीने पेनाकडे गेला, हे लिहितानाही लाज वाटते.

अडोटे जाळ्यावरची नजर न काढता म्हणाला, "अता, याला कुणी उचललं होतं?"

"मला काय माहीत?"

"मग ज्याला माहीत नाही, त्याने कशाला लिहायचं? आणि ज्याला माहीत होतं, त्याने तरी..." मी सही न करता लान्तेला कागद परत दिला.

मी त्याच कारकुनाकडे गेलो, माझी जुनी शपथ खोटी होती असं लिहून दिलं. त्याने डोळा परत येत नाही. पण माझ्या सहीचे कागद अजून कुणाकुणाच्या खिशात आहेत, देव जाणे. तेव्हा तुम्हाला हात जोडून सांगतो: एखाद्या थोराड पोराच्या वयाचा कागद तुमच्यापुढे आला आणि खाली माझी सही असली, तर ती मानू नका. त्याच्या आईला बोलवा, तिला बसायला द्या, आणि ती सांगेल ते वय लिहा.