चित्रात न दिसणारी फळी

रत्नागिरीला दुरुस्तीसाठी किनाऱ्यावर ओढलेल्या शिडाच्या होडीजवळ उभी होते. रंधा मारलेल्या सागाचा वास आला आणि मी थेट यावलला, आमच्या केळीच्या बागेतल्या हौदापाशी पोचले.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. माझ्या वडिलांनी, आबांनी, समुद्र कधी पाहिला नव्हता. कॅलेंडरवरच्या चित्रावरून त्यांनी सागाच्या लाकडाचं हातभर लांबीचं शिडाचं जहाज केलं होतं. त्याच्या दोरांसाठी केळीच्या खोडावरच्या सोपटाचे धागे वळले होते. हौदात सोडताच ते आडवं झालं.

आबांनी ते उचललं, उलटं केलं आणि सपाट तळाकडे बघत राहिले.

"चित्रात पाण्याखालचं दिसत नाही ना," ते म्हणाले. "तिथं काहीतरी असीन."

आठवड्याने त्यांनी तळाला मधोमध एक उभी फळी बसवली आणि तिला नांगराच्या फाळाचा तुकडा ठोकला.

"आबा, लोखंडानं तर बुडेलच," मी म्हटलं.

आबांनी ते पुन्हा हौदात सोडलं. जहाज डुललं आणि सरळ उभं राहिलं. मी नुसत्या टाळ्या वाजवल्या.

आता रत्नागिरीच्या किनाऱ्यावर, समोरच्या होडीच्या तळाला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तशीच उभी फळी होती. मी पाया पडावं तसं वाकून तिला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला.