ज्वारीच्या धांड्याचे पोपट

मंडळी, आज चाळीसगावात आमच्या शेजारच्या शेवंता अक्कांकडे बसले होते. वय नव्वद. ज्वारीच्या धांड्यातला पांढरा गर कापून त्या पोपट करत होत्या. हे कधीपासून करता, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं ते ऐका.

महायुद्धाचा काळ. कापड रेशनवर. अक्का दहा वर्षांच्या. मोठ्या बहिणीचं लग्न ठरलं, पण मांडव सजवायला घरात काहीच नाही. बहिणीला रडू आवरेना. मग अक्कांनी शेतातून धांडे आणले, पोपट आणि फुलं केली, हळद-कुंकवाने रंगवली आणि मांडवाच्या दाराला लांबलचक तोरण बांधलं.

वऱ्हाड आलं. नवरदेवाची आई तोरणाखालीच थांबली. आता ही नावं ठेवणार, असं सगळ्यांना वाटलं.

"हाई तोरन कोनी करं?"

अक्का घाबरत पुढे झाल्या. विहीणबाईंनी त्यांना जवळ घेतलं आणि ते तोरण सुनेबरोबर सासरी नेलं!

"अक्का, मलाही शिकवा," मी म्हटलं.

"मंग बस ना!"

या वयातही तासाभरात त्यांचे चार पोपट झाले. माझा एकच, तोही वाकड्या शेपटीचा.

तुमच्या घरी असा हात कोणाचा आहे? आणि तुम्ही त्यांच्याजवळ शिकायला बसलात का?