मामांची पेशी आणि बेमुदत अबोला

सरकारी कायद्याच्या पुस्तकात जेवढी कलमं आहेत त्याहून चार जास्त माझ्या मामेसासऱ्यांच्या मिशीत आहेत, आणि पुस्तकातली कलमं बदलतात, मिशीतली बदलत नाहीत. मध्यंतरी सरकारनं जुने फौजदारी कायदे काढून नवे आणले, तेव्हा मामा पेपर घडी घालत म्हणाले, "मला इचारलं असतं तर एवढा कागुद लागला नसता. गुन्हा दिसला की शिक्षा द्याची. हाय काय त्यात?" मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. कोयनानगरच्या अलीकडं घाटातल्या एका वळणावर त्यांचं घर आहे. त्या वळणावर एसटीचे ड्रायव्हर गिअरसुद्धा दबकत टाकतात. विनाकारण हॉर्न वाजवणाऱ्या एका ड्रायव्हरला मामांनी खाली उतरवून वळणाची माफी मागायला लावली होती, असं त्या भागात सांगतात. सांगतात म्हणजे, मीच सांगतो.

मामांच्या घरी रविवारी सकाळी पेशी असते. फौजेत चूक केलेल्या जवानाची टोपी आणि पट्टा उतरवून त्याला साहेबापुढं उभं करतात, तीच ही पेशी. फरक एवढाच की इथं साहेब गोठ्याच्या दारात खुर्ची टाकून बसतो आणि आरोपींत दोन पायांचे, चार पायांचे, दोन चाकांचे, सगळे असतात. पहाटेच्या आधीच आरवलेल्या कोंबड्याला डालग्याखाली कैद झालेली मी पाहिली आहे. स्कूटर किक मारून सुरू झाली नाही म्हणून तिला भिंतीकडं तोंड करून उभं केलेलं पाहिलं आहे. आरतीच्या मधोमध वाजलेल्या मोबाइलला भाताच्या कणगीत पुरलं होतं. त्यानंतर ती कणगी आठवडाभर अधूनमधून वाजायची आणि नवी सून दचकून तिला नमस्कार करायची.

मीही या कोर्टातून सुटलेलो नाही. एकदा गावच्या जत्रेला कराडच्या गर्दीत अडकून मी उशिरा पोचलो. पंगत उठायच्या बेतात होती. मामांनी खुर्ची मागवली.

"आरोपीची टोपी उतरवा."

"मामा, मी टोपी घालत नाही."

"मंग घाला!"

खुंटीवरची टोपी आणून माझ्या डोक्यावर ठेवली, मी ती नीट केली, आणि मग ती रीतसर उतरवण्यात आली. निकाल लागला: "जावईबापू, तुमाला रस्सा मिळंल. तुकडा मिळनार न्हाई. मुदत सांजच्यापातूर." मी सांजपर्यंत रस्स्यात भाकरी बुडवून तळ शोधत होतो. पण कबूल केलं पाहिजे, सूर्य डोंगराआड गेल्याबरोबर मामांनी स्वतःच्या हातानं माझ्या ताटात मटणाची नळी वाढली. कारण त्यांचं एक तत्त्व होतं, आणि मामा ते कोंबड्यालासुद्धा समजावून सांगत: "मुदतीबिगर शिक्षा द्याची न्हाई. मुदत नसली तर ती शिक्षा न्हाई, नुसता राग हाय." या तत्त्वात स्वतःलाही सूट नव्हती. एकदा फाटक उघडं राहून म्हैस शेजाऱ्याच्या नाचणीत शिरली, तेव्हा मामांनी स्वतःचीच पेशी लावली. खुर्चीवर बसून जरबेनं विचारायचे, उठून समोर जाऊन मऊ आवाजात उत्तर द्यायचे. शेवटी स्वतःला कडक ताकीद दिली आणि स्वतःच सॅल्यूट ठोकून माघारी गेले.

आणि असा हा न्यायाचा पुतळा स्वतःच्या सख्ख्या बहिणीशी बोलत नव्हता. ही बहीण म्हणजे माझ्या सासूबाई. राहायला माधवनगरला, गिरण्यांच्या जुन्या वस्तीत. अबोला माझ्या लग्नाच्याही आधीचा. लग्नात मामांनी नवरीला मांडवात आणलं ते बहिणीच्या शेजारून, पण मान अशी वळवून की फोटोत फक्त त्यांचा कान आलाय. दरवर्षी भाऊबीजेला सासूबाई नेमानं माहेरी जायच्या, पाट मांडायच्या, मामा नेमानं त्यावर बसायचे, ओवाळून घ्यायचे, साडी द्यायचे, आणि मधे शब्द नाही. बोलायचंच झालं तर मी होतो. मी म्हणजे त्या दोघांमधली टेलिफोनची तार.

"जावईबापू, तुमच्या सासूबाईंना सांगा, च्यात साखर कमी हाय."

सासूबाई हातभर अंतरावर.

"जावई, त्यांना सांगा, साखर डब्यात हाय. डबा त्यांच्याच मांडीजवळ हाय."

"त्यांना सांगा, दिसला."

गुन्हा काय, ते ऐका. कोयनेच्या परिसरात जमिनीला अधूनमधून हलायची सवय आहे. माणसांना त्याचं काही वाटत नाही. मांडणीवरची भांडी वाजायला लागली की लोक चहाची कपबशी तेवढी हातात उचलून धरतात आणि गप्पांचं वाक्य पुरं करतात. मामा मात्र तेव्हा सीमेवरून सुट्टीवर आले होते. कानात तोफा घेऊन आलेला माणूस दुपारी जेवून झोपला होता. सासूबाई माहेरपणाला आलेल्या. धक्का बसला, भांडी वाजली, सगळ्यांनी कपबशा उचलल्या, आणि मामा "गोळा आला! आडवं व्हा!" अशी आरोळी ठोकून खिडकीतून बाहेर उडाले ते थेट शेणाच्या खड्ड्यात. वर नुसती मिशी. सासूबाई उंबऱ्यात येऊन हसल्या. अशा हसल्या की पलीकडच्या डोंगरानं तेच हसू परत पाठवलं, आणि मग सगळा गाव हसला. मामा खड्ड्यातून बाहेर आले आणि म्हणाले, "आजपासनं हिच्याशी बोलनं बंद." एवढंच. मुदत सांगायची राहिली.

मामांची नात ऋतुजा आमच्या घरी विश्रामबागला राहून बी.ए. करते. तिच्या कॉलेजात गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर विद्यार्थ्यांची संशोधन परिषद भरली. विषय होता, समाजातील गुन्हा आणि शिक्षा. ऋतुजानं निबंध लिहायला घेतला आणि एक दिवस मला गॅलरीत गाठून म्हणाली, "काका, आबांना आणि आत्याआजीला दोघांना बोलावलंय. निबंध त्यांच्यावरच हाय. नावं न्हाईत घातली."

मी हातातली खारी चहात सोडून दिली. "अगं, तुझ्याशीही अबोला धरतील!"

"धरू देत. मी निदान मुदत तरी इचारीन." मग म्हणाली, "मला बक्षीस नको, काका. ह्या भाऊबीजेला दोघं बोललेली पायजेत. आबा आता थकल्यात. असंच राह्यलं तर?"

खारी कपाच्या तळाशी गेली.

मामांना विषय कळल्यावर ते म्हणाले, "म्हंजे आमचंच खातं," आणि कोट, पदकं, फौजी टोपी, चामड्याचा पट्टा अशा थाटात आले. पाहुण्यांसाठी राखीव ठेवलेल्या सोफ्यावर ते इतक्या अधिकारानं बसले की संयोजकांनी त्यांनाच पहिला पुष्पगुच्छ दिला. सासूबाई डबा घेऊन आल्या होत्या. मधे मी, तार. परिषद सुरू झाली आणि मामांचंही कामकाज सुरू झालं. खरखरणाऱ्या माइकला त्यांनी बसल्या जागेवरून दुपारपर्यंतची ताकीद दिली. मोबाइलचोरीवर निबंध वाचणाऱ्या मुलाचा पडद्यावरचा फोटो उलटा आला, तेव्हा ते पुटपुटले, "चोर सोडा, पयला हा संगणक आत टाका." तुरुंगातल्या सुधारणांवर एक मुलगी सुंदर बोलली, तिला मात्र त्यांनी उभं राहून सॅल्यूट केला. ती बिचारी दोन पानं विसरली.

मग ऋतुजा उभी राहिली. "गावात पोलीस ठाण्यापर्यंत न जाणाऱ्या शिक्षा असतात," ती म्हणाली, "वाळीत टाकणं, पंगतीतून उठवणं, आणि सगळ्यांत जुनी शिक्षा, न बोलणं. मी एका घराचा अभ्यास केला. या घरातल्या 'अ' या व्यक्तीनं 'ब' या व्यक्तीला अबोल्याची शिक्षा दिली. मुदत सांगितली नाही. 'ब' यांनी ती शिक्षा तक्रार न करता भोगली. दरवर्षी त्या 'अ' यांच्या दारात येत राहिल्या."

मामा सोफ्यावर पुढं सरकले. मला कोपर मारून म्हणाले, "कोन रं ह्यो 'अ'?"

मी छताकडं बघितलं.

ऋतुजा म्हणाली, "प्रश्न असा आहे, की मुदत नसलेली शिक्षा संपते कधी?"

आता मामांना राहवेना. ते उठलेच. "बाईसाहेब," ते अध्यक्ष असलेल्या प्राध्यापिकांना म्हणाले, "ह्या 'अ'ला पयला हितं बोलवा! मुदतीबिगर शिक्षा? ही काय मोगलाई हाय? त्या बाईचा गुन्हा काय, चोरी केली का खून केला? अशा मानसाची टोपी उतरवून पिठ्ठू द्याला पायजे!" पिठ्ठू म्हणजे पाठीवर ओझं बांधून मैदानात पळवायची फौजी शिक्षा. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. मामांनी त्या हात उंचावून स्वीकारल्या.

ऋतुजानं कागद खाली ठेवला. "गुन्हा सांगते, आबा. भूकंपाचा धक्का बसला तवा 'अ' खिडकीतून शेणाच्या खड्ड्यात पडले, आनि 'ब' हसल्या."

सभागृह असं हसलं की बाहेरच्या झाडावरचे कावळे उडाले. सासूबाईंनी पदर तोंडात कोंबला. मामांचे टाळ्या स्वीकारणारे हात तसेच हवेत राहिले. ते सावकाश खाली आले, ते थेट टोपीवर. मामांनी टोपी काढली. पट्टा सोडला. दोन्ही माझ्या मांडीवर ठेवलं आणि पाय आपटत मंचासमोर जाऊन उभे राहिले.

"गुन्हेगार हजर हाय, साहेब."

हसू कुणी तरी बटण दाबल्यासारखं बंद झालं. ऋतुजाच्या डोळ्यांत पाणी. "आबा, बसा की वो."

"शिक्षा झालीय. मीच सुनावलीय. भोगल्याबिगर बसायचं न्हाई."

आणि मामा निघाले. जाताना सासूबाईंच्या डब्याची पिशवी आणि ऋतुजाची लॅपटॉपची सॅक पाठीवर मारली आणि कॉलेजच्या मैदानाला चकरा मारायला सुरुवात केली. भर दुपार. अख्खी परिषद व्हरांड्यात. पोरं मोबाइल काढून उभी, "आबा, आगे बढो" चालू झालं, प्राध्यापिकाबाई वेळ संपल्याची घंटी वाजवत होत्या आणि मामांना वाटत होतं की ती चकरांची आहे.

सासूबाई पायऱ्यांवरून ओरडल्या, पण सवयीनं माझ्याकडं तोंड करून. "जावई, त्यांना सांगा, बास झालं!"

मी धावलो. मामांच्या शेजारी पळत म्हणालो, "बास झालं म्हणतायत!"

"त्यांना सांगा, आजून मुदत संपली न्हाई!"

मी मागं पळालो. "मुदत संपली नाही!"

"त्यांना सांगा, डब्यात पुरनपोळ्या हायत, त्यांचा भुगा हुईल!"

मी पुन्हा पुढं. "पोळ्या!"

"सांगा, भुगा चालंल!"

माझं वजन आणि विश्रामबागचं ऊन यांचा हिशेब लक्षात घ्या. चौथ्या निरोपाला माझ्या डोळ्यांपुढं काजवे आले. मी मैदानाच्या मधोमध गवतावर आडवा झालो आणि तोंडातून नुसतं "सां... सां..." एवढंच निघालं. तार तुटली. सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं, पलीकडं डुलत पळणाऱ्या भावाकडं बघितलं, आणि चपला तिथंच सोडून मैदानात उतरल्या.

"दादा! थांब की रं! पडशील!"

मामा थांबले. पाठमोरेच थांबले. पिशवी एका खांद्यावरून घसरली होती.

"पडलो तर हसशील परत," ते म्हणाले.

"हसनार. लय हसनार."

मामा वळले. "मंग हास. किती दीस झालं, तुझं हसू ऐकलं न्हाई."

सासूबाई हसल्या, मामाही हसले, आणि मी गवतावर पडून असल्यामुळं मला ते दोघं आभाळाएवढे दिसले. पोळ्यांचा भुगा आम्ही सगळ्या परिषदेनं मिळून खाल्ला. ऋतुजाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. वेळेचं बंधन मोडल्याचे गुण कापले, आणि ही शिक्षा योग्यच आहे, असं मामांनी परीक्षकांना बजावून सांगितलं.

त्या वर्षी भाऊबीजेला कोयनेकडं आम्ही सगळे गेलो. बहीणभाऊ सकाळपासून असे बोलत होते, जसा काही सगळा साठा त्या दिवशीच रिकामा करायचा होता. मला कुणी हाक मारेना. चहात साखर कमी होती, तेसुद्धा परस्पर कळवलं गेलं. पाट मांडला, मामा बसले, सासूबाईंनी ताट उचललं, आणि नेमकी मांडणीवरची भांडी किणकिणली. हलकासा धक्का. आम्ही सगळ्यांनी कपबशा उचलल्या. मामा उठले नाहीत. त्यांनी ओवाळणीचं ताट बहिणीच्या बरोबरीनं धरलं आणि मिशीतल्या मिशीत म्हणाले, "हास की गं आता."

भांडी गप्प झाली. जमीन थांबली. निरांजनाची ज्योत मात्र हलतच राहिली, कारण मामांचा हात थांबत नव्हता. तो कधीपासून असा कापायला लागला होता, कुणास ठाऊक. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी आपला एक हात ताटाखालून त्या हाताला लावला आणि ज्योत स्थिर होईपर्यंत तिथंच ठेवला. मी दोघांच्या मधे, माझ्या जुन्या जागेवर बसलो होतो. पोचवायला निरोपच नव्हता.