सुनंदाबाईंचे सहा शब्द

सुनंदाबाईंनी मला पहिल्याच तासाला वर्गाबाहेर काढलं. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, बीएस्सी झालेली होते आणि माझ्या लग्नाला दीड महिना झाला होता. त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हू हेट यू?" मला त्यातलं अक्षरही कळलं नाही. पण समोरचं माणूस वयानं मोठं, आवाज करडा, तेव्हा कळलं नाही असं सांगायचं कसं? मी मान हलवली आणि मोबाईलवर ऐकून पाठ केलेला एकुलता एक डच शब्द बोलले. "या." म्हणजे हो.

बाईंनी हातातली वही टेबलावर आपटली.

"मी तुझं नाव विचारून राहिले अन् तू हो म्हणतेस? हो काय? जा, बाहेर उभी राहा. कळलं नाही असं म्हणता आलं की आत ये."

मी ओट्यावर जाऊन उभी राहिले. हळदीचा हंगाम होता. मोंढ्याकडं जाणाऱ्या पोत्यांच्या गाड्या एकामागून एक जात होत्या आणि गाडीवान माझ्याकडं बघत होते. सेनगावहून जीपमध्ये कोंबून घेऊन मी हिंगोलीला आले होते, ते ओट्यावर उभं राहायला? रागानं माझे कान तापले. दहा मिनिटांनी आत जाऊन म्हणाले, "मला कळलं नाही, बाई." "बस आता," एवढंच त्या बोलल्या आणि पुढं शिकवू लागल्या.

माझे यजमान संदीप आमच्याच तालुक्यातले. आठ वर्षांपासून नेदरलँड्समध्ये राहिलेले आणि तिथलेच नागरिक झालेले. अशा माणसाच्या बायकोला तिकडं राहायला जायचं तर आधी त्यांच्या भाषेची छोटी परीक्षा द्यावी लागते. मुंबईला जाऊन, कॉम्प्युटरसमोर बसून. लग्न लावून संदीप परत गेले आणि मी माहेरी राहून अभ्यासाला लागले. आमच्या जिल्ह्यात डच शिकवणारं माणूस असेल असं कुणाला वाटलंही नसतं. पण होतं. वडिलांच्या मागं राहिलेल्या घराच्या पुढच्या खोलीत सुनंदाबाई शिकवत. कधी तीन मुली असत, कधी चार. बहुतेक माझ्यासारख्याच, नव्यानं लग्न झालेल्या.

बाई चाळिशी ओलांडलेल्या, किडकिडीत, ताठ. वडील कचेरीत कारकून होते, ती शिस्त अंगात मुरलेली. गावात त्यांची ओळख एकाच वाक्यात दिली जाई: नवऱ्यानं फॉरेनहून परत पाठवलेली बाई. पत्ता विचारला तेव्हा किराणा दुकानदारानंही मला तसंच सांगितलं, वर हसला. त्या हसण्याची मला आजही चीड येते. मीही तेव्हा थोडीशी हसले होते, त्याची जास्त येते.

शिकवण्याची त्यांची पद्धत जगावेगळी होती. बाकीचे लोक भाषा नमस्कारापासून शिकवतात. बाईंनी पहिले तीन आठवडे फक्त सहा शब्द शिकवले. वी म्हणजे कोण. वत म्हणजे काय. वार म्हणजे कुठं. वानेर, कधी. वारोम, का. आणि हू म्हणजे कसं. त्या हूपाशी आम्ही सगळ्या अडखळायचो, कारण इंग्रजीत हू म्हणजे कोण. नाव विचारतानाही ते लोक "तुम्हाला कसं म्हणतात" असं विचारतात, म्हणून 'हू हेट यू'. मी एकदा दारात कोण आहे हे विचारायला 'हू' म्हणाले, तर बाई म्हणाल्या, "दारात कसं आहे? दारात बरं आहे. तुझ्या डोक्यात काय आहे ते बघ."

शब्दांचा क्रम चुकला तर त्यांचा पारा आणखी चढे. मी मराठीच्या सवयीनं "वार यू वोन्त" म्हणायची. तुम्ही कुठं राहता, यात आपण 'तुम्ही' आधी घेतो आणि 'कुठं' नंतर. तिकडं तसं चालत नाही. "आधी कुठं," बाई टेबलावर बोट आपटत सांगायच्या. "मग लगेच राहता. माणूस सगळ्यात शेवटी. वार वोन्त यू. तू त्या माणसाला पुढं करून त्याच्या आड काहून लपतेस? आधी विचार तर खरी."

मी एकदा धीर करून म्हटलं, "बाई, परीक्षेत तर नुसती उत्तरं द्यायची असतात. मग आपण प्रश्नच काहून घोटून राहिलो?"

"परीक्षा अर्ध्या तासाची असते," त्या म्हणाल्या. "त्याच्यानंतर काय करशील?"

चौथ्या आठवड्यात त्यांनी घरचा अभ्यास दिला. नवऱ्याला डचमध्ये दहा प्रश्न विचारायचे. नऊ साधे होते, घर कसं आहे, दुकान कुठं आहे, कामाला कधी जातोस. दहावा फळ्यावर त्यांनी स्वतः लिहिला. वी बवार्त मैन पासपोर्ट? माझा पासपोर्ट कोण सांभाळणार?

मी रविवारी फोनवर एकेक विचारत गेले. संदीप आधी हसले, कौतुक केलं. दहाव्या प्रश्नावर मात्र एकदम मराठीत म्हणाले, "घरातली कागदपत्रं मी सांभाळतो. तुला काय करायचंय? कोण शिकवतंय तुला हे?" आणि मला कळायच्या आत त्यांनी माझ्या दादांना, म्हणजे वडिलांना, फोन लावला.

दुसऱ्या दिवशी दादा माझ्याबरोबर हिंगोलीला आले. शेतकरी माणूस, कुणाशी मोठ्यानं बोलणं माहीत नाही. पण त्या दिवशी चप्पल न काढताच दारात उभे राहिले.

"बाई, पोरीला भाषा शिकवा. उलटं बोलाया नका शिकवू. जावई नाराज झाले."

"ती काय उलटं बोलली?"

"पासपोर्टचं विचारलं म्हणं."

"तिचाच पासपोर्ट आहे. तिनं विचारणं उलटं काहून झालं?"

"आमी साधी माणसं, बाई. तुमचं जे झालं..." दादा मध्येच थांबले.

"बोला ना," बाई शांतपणे म्हणाल्या. रागावल्या की त्यांचा आवाज चढायचा, पण फार रागावल्या की खाली यायचा, हे मला तेव्हा कळलं. "माझं जे झालं, त्याच्या पुढं बोला. वाक्य अर्धं सोडू नका. गावात सगळे अर्धंच सोडतात."

दादांनी चप्पल काढली.

"एवढ्या लांब पोरगी देऊन राहिले. माणूस कसा आहे, घर कुणाचं आहे, तिथं हिला काही झालं तर ही कुणाकडं जाईल, यातलं एक तरी तुम्ही विचारलं का?"

"न्हाई," दादा म्हणाले.

"मग तिला तरी विचारू द्या."

दादा ओट्यावर जाऊन बसले. तास संपेपर्यंत तिथंच बसून होते. परतीच्या जीपमध्ये सेनगाव जवळ आल्यावर हळूच म्हणाले, "मग काय म्हणले जावई? पासपोर्ट कुणापाशी राहणार?"

मी पुढच्या रविवारी तो प्रश्न परत विचारला. "तुझ्याजवळ ठेव," असं त्रासिक उत्तर आलं. पण आलं.

परीक्षा पास झाले ते सांगायला मी पेढे घेऊन गेले, त्या दिवशी बाईंनी त्यांची हकिगत सांगितली. त्याआधीच म्हणाल्या, "रडायचं नाही. मला रडणारी माणसं चालत नाहीत."

त्या तिथं सहा वर्षं राहिल्या होत्या. गेल्या तेव्हा ही परीक्षा नव्हती. दुकानात बोट दाखवायचं, डॉक्टरकडं नवरा बोलणार. कुणी काही विचारलं तर नवऱ्याकडं बघायचं, आणि तो नसला तर 'या' म्हणून मोकळं व्हायचं. तिथंच मुलगी झाली, मीरा. मीरा साडेचार वर्षांची असताना बाईंची आई आजारी पडली. नवरा म्हणाला, तू जा, लेकराची शाळा आहे, ती राहू दे. निघताना एका कागदावर सही घेतली. शाळेचा कागद आहे म्हणाला. मुलगी कायमची बापाकडं राहील, असं त्यावर लिहिलेलं होतं. परतीचं तिकीट आलंच नाही. पुढं तिथं राहण्याची परवानगीही संपली.

"वत इस दित. हे काय आहे. तीन शब्द," बाई म्हणाल्या. "सहा वर्षांत मला तीन शब्द शिकता आले नाहीत."

मग दोन वर्षं दर रविवारी दहा मिनिटं फोन. मीरा काही महिन्यांतच मराठी विसरली. ती तिच्या भाषेत बोलायची आणि बाई तिचा आवाज ऐकत, मध्येमध्ये 'या, या' म्हणत. लेकरू काहीतरी बोलून राहिलं, त्याला हो तरी म्हणावं. एक दिवस तो नंबर बंद झाला. त्यानंतर बाईंनी जुनं पुस्तक मिळवलं आणि मोबाईलवर धडे ऐकत डच शिकायला घेतलं.

"पाचव्या धड्यात वानेर आला. वानेर कोम ये. तू कधी येणार. मी पुस्तक मिटलं. ते वाक्य मी शंभर वेळा ऐकलं होतं ना. पोरगी विचारायची, आई तू कधी येणार, अन् मी म्हणायची, हो. वारोम कोम ये नीत, तू का येत नाहीस. मी म्हणायची, हो. बापावर राग आहेच. पण हा राग माझ्यावर आहे, तो मी कुणावर काढू? तुमच्यावर काढते."

मी रडले नाही. मला मात्र त्या माणसाचा, त्या कागदाचा, दुकानदाराच्या हसण्याचा, सगळ्याचा एकदम इतका संताप आला की पेढ्यांचा पुडा हातात चुरगळला.

निघताना बाईंनी एक पत्र दिलं, त्यांनी स्वतः डचमध्ये लिहिलेलं. नवऱ्याच्या चुलतभावाकडून पत्ता मिळाला होता, पण पोस्टानं पाठवलेली दोन पत्रं परत आली होती. "हे मीराच्या हातात दे. बापाच्या नाही," एवढंच म्हणाल्या.

नेदरलँड्सला आल्यावर ते पत्र माझ्या बॅगेत अकरा महिने पडून होतं. संदीप म्हणाले, लोकांच्या संसारात पडू नकोस. मी पडले नाही. बाईंचा फोन आला की घर लावतेय, थंडी आहे, असं काहीबाही सांगायची. त्या पत्राबद्दल कधीच विचारायच्या नाहीत. सगळ्या जगाला प्रश्न विचारायला लावणारी बाई हा एक प्रश्न मला विचारत नव्हती, आणि मी त्याचा फायदा घेत होते.

मग माझी पाठ धरली. आम्ही डॉक्टरकडं गेलो. डॉक्टरांनी माझ्याकडं बघून विचारलं, कुठं दुखतं? 'वार' ऐकताच मी उत्तर जुळवायला लागले, तेवढ्यात संदीप म्हणाले, पोटात. मी म्हटलं, नाही, पाठीत, आणि कधीपासून तेही मीच सांगते. डॉक्टरांनी खुर्ची माझ्याकडं वळवली. घरी आल्यावर संदीप म्हणाले, "चुकलं माझं. मला वाटलं पोटच दुखतंय." वाईट माणूस नाहीत ते. वाईट माणूस असावाच लागत नाही, हे त्या दिवशी मला कळलं. बुधवारी मी एकटी रेल्वेत बसले आणि पत्रावरच्या पत्त्यावर गेले.

दार मीरानंच उघडलं. सोळा वर्षांची, बाईंसारखीच ताठ. वडील कामावर गेले होते. मी कोण, कुठून आले ते सांगितलं आणि पत्र हातात दिलं. तिनं दारातच उभं राहून ते वाचलं, दोनदा. मग म्हणाली, "माझ्या आईला डच येत नाही."

"येतं. तिनंच मला शिकवलं."

"तिला परत यायचंच नव्हतं," मीरा म्हणाली. तिचाही आवाज खाली आला होता. "मी तिला विचारलं होतं. तू कायमची तिथंच राहणार का? ती हो म्हणाली. मी परत विचारलं. परत हो म्हणाली. मग मीच बाबांना सांगितलं की फोन नको."

त्या प्रश्नात सहापैकी एकही शब्द नव्हता. क्रियापदानंच सुरू होणारा, ज्याला हो किंवा नाही म्हणूनच उत्तर देतात असा. मी त्या पोरीला सगळं सांगितलं: न कळता म्हटलेलं हो, सहीचा कागद, न आलेलं तिकीट, हिंगोलीतली ती खोली. माझं डच अजून मोडकंतोडकं, पण तिनं मला एकदाही अडवलं नाही. शेवटी तिनं आईचा नंबर मागून घेतला.

त्याच दिवशी मी बाईंना फोन करून मीराचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. बाई मीराचा तो प्रश्न डचमध्ये जुळवत म्हणाल्या, "ब्लैफ ये दार फोर आल्तैत. व्हय. असंच म्हणाली होती. मला वाटलं, ती गाणं म्हणून राहिली." आणि फोन ठेवला.

पाच दिवसांनी, सोमवारी, त्यांचाच फोन आला. आवाज बसलेला होता.

"काल मीराचा फोन आला होता. पाऊण तास भांडलो आम्ही. ती म्हणाली, तू मला टाकलंस. मी म्हटलं, टाकलं नाही, पण सही करताना विचारलं नाही, तो गुन्हा माझाच. ती ओरडली. मग मीही ओरडले, शाळेत कधी कुणाला विचारलं नाहीस का आई कुठं आहे म्हणून. शेजारची बाई बघायला आली काय झालं ते."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. बापाला विचारते म्हणाली त्या कागदाचं, अन् रविवारी परत फोन करते म्हणाली. तिचा राग संपला नाही अजून. माझा तरी कुठं संपलाय. एवढ्या वर्षांचा आहे, पुरेल आम्हाला."